काळ्या पाषाणाचे जाणकार

महाराष्ट्राच्या खनिज नकाशावर पूर्व विदर्भ गजबजलेला दिसतो. नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज, चंद्रपूर-यवतमाळचा कोळसा आणि गडचिरोलीतील सुरजागडचे लोहखनिज यांच्या खुणांनी तो भाग भरून जातो, आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यापाशी आले की नकाशा जवळजवळ कोरा पडतो. शासनदप्तरी या जिल्ह्याच्या वाट्याला मुख्यतः ‘गौण खनिज’ येते, म्हणजे इमारतीचा दगड, खडी, मुरूम आणि वाळू, ज्यांच्या उत्खननाचे नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियमाने राज्यांकडे सोपवला आहे. महसुलाच्या दृष्टीने हे वर्गीकरण सोयीचे असले तरी दख्खनच्या ज्या काळ्या खडकाचे मोल येथे ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापावर ठरते, त्याच खडकातले स्फटिक लंडन आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत, आणि ते प्रथम उजेडात आणणारे हात बहुतेक वेळा विहिरी खणणाऱ्यांचे व दगड फोडणाऱ्यांचे होते, ही गोष्ट त्यात कोठेच नोंदली जात नाही.

नकाशा कोरा असण्याचे कारण भूगर्भात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर आला, दूरवर पसरला आणि थरावर थर थिजत गेला. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरलेल्या या बेसाल्ट खडकाला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात आणि महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्याखाली झाकला गेला आहे. त्याखाली काय दडले आहे हे पाहायचे तर शोधविवर घ्यावे लागते, म्हणजे पोकळ दातेरी नळीने खडक कापत खोल जाऊन त्याचा दंडगोलाकार गाभा वर काढावा लागतो आणि त्यावरून थरांचा क्रम लावावा लागतो. मराठवाड्यात असे महत्त्वाचे विवर खनिजासाठी घेतले गेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची कारणे शोधताना ते घेण्यात आले आणि त्यात ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम ८ मीटर जाडीचा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइट-नाइस जातीचा पायाचा खडक लागला. पश्चिमेकडे ही जाडी वाढत जाते आणि कोयना परिसरात ती सव्वा किलोमीटरच्या घरात भरते. पूर्वेकडे नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोलीच्या बाजूला मात्र ट्रॅपची कड संपून ग्रॅनाइट उघडा पडतो. एवढे जाड आच्छादन भेदून धातुखनिजे शोधणे खर्चिक आणि बेभरवशाचे ठरते.

त्यामुळे या भागातल्या भूवैज्ञानिकाला प्रामुख्याने पाणीच शोधावे लागले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात स्थापन झाली ती १९७२ मध्ये, आणि दुष्काळाचे ते वर्ष मराठवाड्याला वेगळे सांगावे लागत नाही. लाव्हाच्या प्रत्येक थराचा खालचा व मधला भाग सहसा घट्ट असतो, तर वरच्या भागात बाहेर पडू पाहणाऱ्या वायूचे बुडबुडे अडकून असंख्य पोकळ्या राहतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल चिकणमातीसारखा पट्टाही आढळतो. पुस्तकांत यांना अनुक्रमे घट्ट बेसाल्ट, कुहरी बेसाल्ट आणि रेड बोल अशी नावे आहेत, परंतु विहीर खणणारा माणूस त्यांना काळा पाषाण, मांजऱ्या आणि गेरू म्हणतो, आणि यारीच्या डोलातून वर आलेला ढिगारा पाहून पुढे काय लागेल याचा अंदाज बांधतो. झिजलेल्या, भेगाळलेल्या मांजऱ्यात पाणी साठते, पण त्याच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी बुजलेल्या असतील आणि खडक अजून कुजलेला नसेल तर पाझर बेताचाच लागतो, हे निरीक्षण कोणत्याही भूजल अहवालात सापडेल. विहिरी खणणाऱ्यांना ते अहवालांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

शेतकऱ्याच्या पाण्याची वाट अडवणारी ही पांढरी खनिजेच संग्राहकांना हवी असतात. लाव्हा थंड झाल्यावर त्यातून मुरणाऱ्या उष्ण पाण्याने खडकातील सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम आणि सोडियम विरघळवून नेले व पोकळ्यांत पुन्हा साठवले; आधी पोकळीच्या भिंतीला हिरवट मातकट अस्तर आले, त्यावर ह्युलँडाइट आणि स्टिलबाइटसारख्या झिओलाइट गटातील खनिजांचे स्फटिक वाढले, आणि त्यांच्या अंगावर अपोफिलाइट किंवा कॅल्साइट चढले. हा क्रम सर्वत्र एकसारखा नसतो आणि तो एका दमात पूर्ण झालेला नाही. काही स्फटिक लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी वाढलेले आहेत. झिओलाइटच्या स्फटिकजालात सूक्ष्म पोकळ्या असतात व त्यांत पाणी धरलेले असते, त्यामुळे तापवल्यावर हे खनिज फसफसते, आणि याच गुणावरून स्वीडनच्या क्रॉनस्टेटने १७५६ मध्ये या गटाला नाव दिले. दख्खनमधील झिओलाइटांचा पद्धतशीर अभ्यास मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील र. न. सुखेसवाला यांनी सहकाऱ्यांसह केला आणि तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. अपोफिलाइट हे या सर्वांचे सोबती असले तरी रचनेने झिओलाइट नाही, पण बाजारात हा भेद कोणी फारसा पाळत नाही.

या स्फटिकांसाठी मुद्दाम खाण खोदली जाते असे क्वचितच घडते. खडी केंद्राला घट्ट काळा दगड हवा असतो, मांजऱ्या ठिसूळ म्हणून तो बाजूला टाकतात, आणि स्फटिकांच्या मोठ्या पोकळ्या बहुधा या नकोशा थरातच असतात. म्हणजे एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या कामाचा, असा हा व्यवहार आहे. सुरुंग उडाल्यावर कामगार आधी पहारीने सुटे दगड पाडून कडा निर्धोक करतो, मग हातोडीने ठोकत जातो, आणि आवाज बद्द लागला की तेथे पोकळी आहे हे ओळखतो. पुढचे काम घाईचे नसते: अपोफिलाइट एका ठरावीक पातळीत सहज दुभंगते आणि स्टिलबाइटही तसेच चिरते, म्हणून स्फटिकावर घाव न घालता भोवतीचा खडक छिन्नीने कोरत जावा लागतो आणि तुकडा अखंड सुटला की तो कागदात गुंडाळून, भुसा किंवा चिंध्या भरून ठेवावा लागतो. जे काम प्रयोगशाळेत प्रशिक्षित माणसाकडे सोपवले गेले असते ते येथे सुरुंगाच्या धुरात आणि दिवसाच्या मजुरीवर होते, आणि व्यापाऱ्यांच्या दोन-तीन हातांतून परदेशी प्रदर्शनात पोहोचेपर्यंत तुकड्याची किंमत वाढत जाते, त्या वाढीचा फार थोडा भाग त्याला सोडवणाऱ्याकडे परततो.

दख्खनच्या स्फटिकांची कीर्ती मुळात मजुरांच्याच कामातून पसरली. बोरघाटातून रेल्वे नेताना, १८५६ पासून १८६३ पर्यंत, डोंगर फोडण्यासाठी एका वेळी चाळीस हजारांवर माणसे राबली, आणि तेथील खोदकामांतून निघालेले अपोफिलाइट व झिओलाइट ब्रिटनच्या संग्रहालयांत गेले. घाटात रोगराईने आणि अपघातांनी मेलेल्या मजुरांची नावे मात्र कोणत्याही दालनात नाहीत. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींतून निघालेले गडद निळे कॅव्हॅनसाइट आज त्या खनिजाचा जगातील सर्वोत्तम नमुना मानला जातो, जरी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉनच्या नमुन्यांवरून झाले होते. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला जे हिरवे अपोफिलाइट सापडले ते विहीर खणताना. जळगाव, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांची नावेही संग्राहकांच्या याद्यांत वारंवार येतात. सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय २००१ मध्ये सुरू झाल्यापासून असे नमुने पाहण्यासाठी परदेशात जाण्याची गरज उरलेली नाही, आणि शालेय सहलींनी ते अधिक पाहावे असे वाटते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात खडक फोडण्याची विद्या अर्थातच खडीच्या धंद्याहून जुनी आहे. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले, आणि त्यामुळेच अभ्यासकाच्या दृष्टीने ते पूर्ण झालेल्या लेण्यांइतकेच मोलाचे आहे. कारण कारागीर आधी खडकात समांतर चर पाडत आत जात आणि मग दोन चरांमधली उभी भिंत फोडत, हे तेथे अजूनही उघड दिसते. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात वरून खाली कोरत नेले गेले, म्हणजे जेथे चूक झाली तेथे दगड परत जोडण्याची सोय नव्हती, आणि कोणता थर घट्ट, कोणता भुसभुशीत, कोठे भेग निघेल याची पारख असल्याखेरीज हे काम हाती घेणे शक्य नव्हते. आधुनिक भाषेत ज्याला खडकाच्या बळाचे मूल्यमापन म्हणतात ते या कारागिरांच्या हाताला व कानाला ठाऊक होते.

आज ती पारख ज्यांच्याकडे आहे त्यांत वडार समाज ठळकपणे येतो. माती वडार मातीकाम करीत, गाडी वडार दगड काढून गाड्यांतून पोहोचवीत, आणि जाती-पाटे घडवणाऱ्यांना जाते वडार म्हणत. महाराष्ट्र शासनाच्या यादीत हा समाज विमुक्त जातींमध्ये मोडतो. घराघरांतून जाते गेले, पाट्या-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतली, आणि कुशल टाकीकाम करणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांतले अनेकजण क्रशरवर मजुरीला लागले. १९७२ च्या दुष्काळात तर शेतकरी, शेतमजूर आणि घराबाहेर कधी कामाला न गेलेल्या बायकाही खडी फोडायला बसल्या होत्या, आणि सुकडीवर दिवस काढत फोडलेल्या त्या खडीवर मराठवाड्यातले कितीतरी रस्ते उभे राहिले; रोजगार हमीचा १९७७ चा कायदा या अनुभवाचे फळ आहे.

खाण अधिनियम, १९५२ ने केलेल्या व्याख्येत सुरुंग लावणारी दगडखाणही ‘खाण’ ठरली, आणि धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख तिला लागू झाली. तरीही विखुरलेल्या लहान खाणींत नियम कागदावर राहण्याचा धोका मोठ्या कोळसा खाणींपेक्षा जास्त असतो, कारण येथे कामगार हंगामी असतो, कुटुंबासह स्थलांतर करतो आणि त्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते. बेसाल्टमधील बहुतेक सिलिका इतर मूलद्रव्यांशी बांधलेली असल्यामुळे वालुकाश्म किंवा ग्रॅनाइटच्या धुळीइतका सिलिकोसिसचा, म्हणजे फुप्फुसात सिलिकेची धूळ रुतून होणाऱ्या आजाराचा धोका येथे नसतो, परंतु म्हणून क्रशरची धूळ निरुपद्रवी ठरत नाही, आणि पाण्याचा फवारा मारणे हा स्वस्त उपायही अनेकदा पाणीटंचाईच्या दिवसांत पहिला बंद होतो. १९५७ च्या अधिनियमातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन होऊ लागली. हा निधी खाणीजवळच्या गावांबरोबर खाणीत वस्ती करून राहणाऱ्या परगावच्या मजुरांपर्यंत कसा पोहोचवायचा, हा प्रश्न गौण खनिजाच्या जिल्ह्यांत अधिक अवघड आहे, कारण असे मजूर गावच्या कोणत्याच यादीत सहजासहजी येत नाहीत.

नमुन्यांचेही काहीसे असेच होते. परदेशी संग्रहालयांतील जुन्या चिठ्ठ्यांवर ‘पूना’ किंवा ‘बॉम्बे’ एवढाच उल्लेख आढळतो, आणि आजही व्यापारी आपला पुरवठा उघड होऊ नये म्हणून तालुक्यापलीकडे ठिकाण सांगायला राजी नसतात. नमुना कोणत्या गावच्या, कोणत्या खाणीतल्या, किती खोलीवरच्या कोणत्या थरातून आला हे कळले नाही तर त्याचे शास्त्रीय मोल निम्म्याहून कमी होते. खाणीवर वाहतूक परवाना ब्रासच्या हिशेबाने फाडला जातो, मालाच्या प्रत्येक गाडीची नोंद होते, आणि त्याच कड्यातून निघालेल्या स्फटिकाचा थर कोणता हे सांगू शकणारा माणूस हंगाम संपला की पुढच्या खाणीकडे निघून गेलेला असतो.