उन्हाळ्यात जनावरे गावाबाहेर नेताना

विदर्भात उन्हाळा हा जसा नांगरणी-वखरणीचा, तसाच बैलजोडी खरेदीचाही हंगाम होय. मृगापूर्वी जोडी दावणीला यावी या हेतूने शेतकरी एप्रिल-मे महिन्यांत बाजाराच्या वाऱ्या करतो. लग्नसराईमुळे बोकडांची ने-आण वाढते, आणि एखादी अडलेली म्हैस उपचारासाठी काटोल किंवा उमरेडकडून नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणावी लागते ती वेगळीच. नेमक्या याच महिन्यांत नागपूर परिसरातील तापमान 45 अंश सेल्सिअसच्या घरात जाते. जनावरास प्रवासात जी इजा होते ती पुष्कळदा रोगाने नव्हे, तर आपल्या घाईने होते, असा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने बाजारातून गौळाऊ जातीची देखणी जोडी घेतली. सौदा पटेपर्यंत दुपारचा एक वाजला. भाड्याच्या मालमोटारीच्या उघड्या लोखंडी तळावर बैल चढविले, वेसणीला आखूड बांधले आणि गाडी निघाली. अंतर अवघे 40 किलोमीटर. वाटेत चालकाने जोराने गती रोखताच एक बैल घसरून कुशीवर पडला. त्यास उठण्यास जागा नव्हती व उतरून पाहण्यास गाडीत माणूस नव्हता. गाव आले तेव्हा बैलाची नाकपुडी फाटलेली, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि प्राण गेलेला होता. प्रस्तुत लेखक तेथे पोचला तो पंचनाम्यापुरताच. त्या घरी त्या वर्षीची पेरणी उसन्या जोडीने झाली.

हा बैल का मेला, हे समजून घेणे आवश्यक आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात अन्न आंबत असताना सतत वायू तयार होतो आणि तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. जनावर कुशीवर आडवे पडून राहिले की ढेकर येणे बंद होते, पोट फुगून फुप्फुसांवर दाब येतो आणि जनावर गुदमरते. शेळीचे चारही पाय बांधून तिला मोटारसायकलवर आडवी टाकून नेणारे लोक आजही दिसतात. त्यांनी हेच संकट हौसेने ओढवून घेतलेले असते. शिवाय 1960 सालच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हाही आहे.

म्हणून पहिली गोष्ट पायाखालची. गाडीच्या तळावर तणसाचा किंवा कुटाराचा जाड थर पसरावा. खाली काथ्याची चटई अथवा लाकडी फळ्या असल्यास उत्तम. तळ ओला असेल तर तणस नुसते सरकते, तेव्हा आधी कोरडा करून घ्यावा. बाजूच्या फळ्या ठेंगण्या असतील तर बांबू बांधून उंच कराव्यात आणि आतील खिळे, पत्र्याच्या धारा हाताने चाचपून पाहाव्यात. जनावराचे तोंड शक्यतो गाडीच्या पुढील बाजूस असावे. त्यामुळे धक्का बसला तरी ते तोल सावरते व बिथरत नाही. बांधताना वेसणीचा उपयोग करूच नये. मोरकीला किंवा गळ्यातील दाव्याला बांधावे आणि गाठ एका ओढीने सुटेल अशी मारावी. दावे इतके लांब असावे की मान सहज हलेल, परंतु पाय अडकणार नाही.

दुसरी गोष्ट जागेची. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2015 साली दुरुस्ती होऊन प्रत्येक गाईस किंवा म्हशीस 2 चौरस मीटर व प्रत्येक शेळी-मेंढीस 0.3 चौरस मीटर जागा ठरविण्यात आली आहे. शेतकऱ्याच्या मापात सांगावयाचे तर मोठ्या जनावरास सुमारे साडेएकवीस चौरस फूट. सात फूट लांब व पाच फूट रुंद तळाच्या लहान गाडीत पस्तीस चौरस फूट भरतात. म्हणजे तीत एकच बैल किंवा फार तर दहा शेळ्या बसतात. जोडी न्यावयाची तर मोठी गाडी करावी लागेल. भाडे वाढते हे खरे, परंतु ते बैलाच्या किमतीशी ताडून पाहावे. साधी मालमोटार कितीही मोठी असली तरी 1978 सालच्या प्राणी वाहतूक नियमांनुसार तीत सहांपेक्षा अधिक गुरे नेता येत नाहीत, व सोबत एक राखणदार असावा लागतो. आपल्या नागपुरी म्हशीची शिंगे लांब, तलवारीसारखी मागे खांद्याकडे वळलेली असतात. दाटीवाटी झाली की शेजारच्या जनावराच्या डोळ्यास किंवा बरगडीस ती इजा करतात. तिला जागा सढळ हातानेच द्यावी.

चढ-उताराच्या वेळी शेपूट पिरगाळणे, काठीने ढोसणे हे प्रकार सर्रास चालतात. त्यांची गरज पडत नाही, जर गाडी एखाद्या धुऱ्याला किंवा मातीच्या ओट्याला मागून भिडविली. सपाट जमिनीवरून चार फूट उडी मारावयास लावल्यानेच बैलाचे पाय लचकतात.

आता उन्हाविषयी. प्रवास सूर्योदयाच्या सुमारास सुरू करून नऊच्या आत संपवावा. सौदा दुपारी पटला तर जनावरे झाडाखाली बांधून, पाणी पाजून, ऊन उतरल्यावरच निघावे. म्हशीची कातडी काळी व तीतील घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून उष्णतेचा त्रास तिला गाईहून लवकर होतो. तिच्या अंगावर निघण्यापूर्वी व वाटेत पाणी शिंपडावे. निघण्याआधी कडबा किंवा तणस बेताने घालावे व पोटभर पाणी पाजावे. हिरवा लुसलुशीत चारा व ढेप त्या वेळी टाळावी. जनावर तोंड उघडून धापा टाकू लागले, लाळ गळू लागली, पाय अडखळू लागले तर गाडी तेथेच सावलीत थांबवावी, अंगावर, विशेषतः डोक्यावर व पायांवर, पाणी ओतावे आणि 1962 या पशुसंवर्धन विभागाच्या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा.

पायी नेण्याविषयीचे नियम 2001 साली झाले. त्यांनुसार गाईबैलांस दिवसाला 30 किलोमीटर व 8 तासांपलीकडे चालवू नये, दर दोन तासांनी पाणी द्यावे, सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर चालवू नये आणि तापमान 30 अंशांवर असता चालवूच नये. मे महिन्यात नागपूरकडे ही शेवटची अट पाळावयाची तर सकाळचे थोडे तासच हाती राहतात. त्यात दहा-बारा किलोमीटर झाले तरी पुष्कळ म्हणावे. लांबच्या मजलेसाठी वाहनच बरे.

विण्यास दोन महिने उरलेली गाभण जनावरे, नुकतीच व्यालेली, लंगडी किंवा तापाने आजारी जनावरे उपचाराखेरीज अन्य कारणाने हलवू नयेत. प्रवासाच्या ताणाने अंगची रोगप्रतिकारक शक्ती मंदावते व घटसर्पासारखा रोग डोके वर काढतो. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. आदल्या दिवशी लस टोचून दुसऱ्या दिवशी बाजारास नेणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. 2022 साली लम्पी चर्मरोगामुळे राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. विकत आणलेले जनावर तीन ते चार आठवडे कोठ्यापासून दूर, निराळ्या पाण्यावर व निराळ्या गव्हाणीवर ठेवण्याची सवय त्यामुळे आता तरी लागावी.

कागदपत्रांचा कंटाळा करू नये. पशुधन विकास अधिकाऱ्याचा तंदुरुस्तीचा दाखला व बाजाराची खरेदी पावती सोबत असावी, आणि जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असावा. 1 जून 2024 पासून राज्यात या बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री व वाहतूक करता येत नाही. वाटेत तपासणीसाठी गाडी थांबली आणि कागद घरी राहिला, तर त्या खोळंब्याचे ऊन बैलालाच सोसावे लागते.

राखणीच्या कुत्र्याविषयीही कधीकधी विचारणा होते. रेल्वेने नेताना त्यास गार्डाच्या डब्यातील पेटीतून, किंवा पूर्ण कूपे आरक्षित केल्यास पहिल्या वर्गातून, नोंदणी करून नेता येते. मोटारीत नेल्यास काचा लावून उन्हात पाच मिनिटेही एकटे सोडू नये. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. कोंडलेल्या तप्त हवेत तो उपाय चालत नाही. पिसाळीची लस टोचल्याचा दाखला बरोबर घ्यावा.

मुक्कामी पोचल्यावर जनावर घाईने उतरवू नये. सावलीत उभे करून प्रथम थोडे थोडे पाणी, शक्य झाल्यास त्यात चिमूटभर मीठ व गुळाचा खडा घालून द्यावे. नंतर कोरडी वैरण द्यावी. ढेप व दाणा दुसऱ्या दिवसापासून क्रमाने वाढवावा. नव्या जोडीस किमान दोन दिवस जू दाखवू नये, आणि त्या दोन दिवसांत खुरे, गुडघे व डोळे रोज सकाळी पाहावेत.