माळावरची चराई मोजायची कशी?

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याने पिंपरी, चिंचवड, देहूरोड ओलांडून तळेगाव-दाभाड्यास आले आणि तेथून चाकणचा फाटा धरला, म्हणजे दोन निराळी दृश्ये आलटून पालटून दिसू लागतात. एकीकडे मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आणि त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या मालमोटारींच्या रांगा. दुसरीकडे गवताळ माळ, भंडारा व भामचंद्र ह्यांसारखे डोंगर, आणि त्यांच्या उतारांवर चरणारी गुरे व मेंढरे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर ह्या पट्ट्यातला माळ सतत आकसत गेला. जो उरला आहे त्याला पुष्कळ जण ‘पडीक जमीन’ म्हणतात.

परंतु हा माळ रिकामा नाही. २०२४ साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. मंदार दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या वनस्पतीचे वर्णन ‘क्यू बुलेटिन’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तिचे नाव डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. ही वनस्पती सापडली ती एखाद्या घनदाट अरण्यात नव्हे, तर वैरणीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या तळेगाव-दाभाड्याच्या गवताळ उतारांवर! ती वर्षातून दोनदा फुलते. पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पहिला बहर येतो. पुढे उन्हाळ्यात माळाला वणवा लागला, की जमिनीखालच्या तिच्या लाकडासारख्या टणक मुळखोडातून ठेंगणे कोंब फुटतात आणि मे-जूनमध्ये त्यांवर पुन्हा फुले येतात.

आता एक प्रश्न साहजिकच मनात येतो. ज्या माळावर अशा दुर्मिळ वनस्पती आहेत, त्याच माळावर जनावरे चरतात. मग चराई बंद करावी काय? कोणी म्हणेल, ‘अर्थातच! जनावरे झाडे खातात, तेव्हा कुंपण घाला.’ दुसरा म्हणेल, ‘माळ आणि मेंढरे शेकडो वर्षे एकत्र नांदत आली आहेत, तेव्हा काही करू नका.’ दोन्ही उत्तरे ठाम आहेत, आणि मोजमापाचा आधार दोहोंनाही नाही. उत्तर चुकले तर नुकसान मात्र खरे आहे. विनाकारण कुंपण घातले तर धनगराचे कुरण जाते. आणि गरज असताना घातले नाही, तर जगात दुसरीकडे फारशी नसलेली एखादी वनस्पती कायमची जाते. म्हणून हा प्रश्न मोजमापाने कसा सोडवावा, ते आपण पाहू.

तोंड, खूर आणि शेण

‘जनावर चरते’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट तोंडाची. गाय जिभेने गवताचा झुबका ओढून तोडते, त्यामुळे तिला जरा उंच गवत लागते. मेंढीचा वरचा ओठ दुभंगलेला असल्यामुळे ती अगदी जमिनीलगत खाऊ शकते. शेळीला पाला व कोवळे शेंडे अधिक प्रिय. गवताचा वाढणारा भाग बुडाशी असतो, म्हणून वरचे पाते खाल्ले तरी ते पुन्हा वाढते. पुष्कळशा फुलझाडांचा वाढणारा भाग मात्र शेंड्याला असतो. तो खाल्ला गेला, की त्या वर्षीचा बहर बुडालाच. सेरोपेजिया म्हणजे कंदीलपुष्पासारख्या वनस्पतीचा कंद जमिनीत सुरक्षित असतो. ती पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवेल. पण दरवर्षी शेंडा खाल्ला जात राहिला तर बी धरणार नाही, आणि जुने कंद संपले की नवे झाड नाही.

दुसरी गोष्ट खुराची. येथे पदार्थविज्ञानाचा साधा नियम आठवा : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, एका मेंढीचे वजन ३० किलोग्रॅम आहे आणि तिच्या प्रत्येक खुराचे क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस सेंटिमीटर आहे. चार खुरांचे ६० चौरस सेंटिमीटर झाले. म्हणजे ती नुसती उभी असताना दर चौरस सेंटिमीटरवर अर्धा किलोग्रॅम भार पडतो. गाय ३०० किलोग्रॅमची आणि तिचा खूर ६० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर हा आकडा सव्वा किलोग्रॅम येतो. चालताना काही क्षण सगळा भार दोनच पायांवर असतो, म्हणजे तो दुप्पट, अडीच किलोग्रॅम होतो! मोटारगाडीच्या चाकात साधारण सव्वादोन किलोग्रॅम दाबाने हवा भरतात आणि चाकाचा जमिनीवरील दाबही जवळपास तेवढाच असतो. तेव्हा चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणारी नवी मोटार आणि शेजारच्या माळावरची गाय जमिनीला जवळजवळ सारख्याच जोराने दाबतात. ओल्या मातीवर असा दाब वारंवार पडला, की मातीतील पोकळ्या बुजतात, पाणी मुरत नाही आणि कोवळी रोपे चिरडतात. कोरड्या, टणक मुरमावर मात्र त्याच खुराचा परिणाम फारच कमी होतो.

तिसरी गोष्ट शेणाची व लेंड्यांची. त्यांतून जमिनीला खत मिळते आणि काही वनस्पतींचे बी दूरवर पोहोचते. म्हणजे तोटा आणि लाभ एकाच जनावराबरोबर येतात. बेरीज कोणत्या बाजूला झुकते, हे तर्काने नव्हे तर मोजूनच ठरवावे लागते.

कड्यावरचे झाड काय सांगते?

मोजायचे कसे? सर्वांत सोपी वाटणारी रीत म्हणजे जेथे जनावरे जातात ती जागा आणि जेथे जात नाहीत ती जागा, ह्यांची तुलना करणे. ही रीत कशी फसवते त्याचे उदाहरण चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगाव व तेथून जुन्नरला गेले, की शिवनेरीच्या कड्यावर सापडते. तेथे शिंदळ माकुडी नावाची अत्यंत दुर्मिळ वनस्पती आहे. ती माकडशिंगीच्या नात्यातली. जाड मांसल खोड, पावसाळ्यात पाने आणि तांबूस-जांभळी, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्यावरून डाल्झेल ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे नाव फ्रेरिया इंडिका असे ठेवले. सह्याद्रीतील मोजक्याच ठिकाणी, बहुधा उभ्या कड्यांच्या कपारीत ती आढळते.

आता कड्यावर ती आहे आणि शेळ्यांच्या वाटेवरील सपाटीवर नाही, एवढे पाहून ‘शेळ्यांनी ती संपवली’ असे म्हणता येईल काय? कदाचित तसे असेलही. परंतु कड्यावर माती कमी असते, पाणी साचत नाही, उंच गवताची सावली पडत नाही आणि वणवाही सहसा पोहोचत नाही. ह्यांपैकी कोणत्याही कारणाने तिला कडाच मानवत असेल. दोन जागांमध्ये एकाच वेळी पाच गोष्टी निराळ्या असतील, तर परिणामाचे श्रेय त्यांपैकी एकीलाच देता येत नाही. प्रयोगशाळेत आपण वायूचे तापमान स्थिर ठेवून मगच दाब व आकारमान ह्यांचा संबंध तपासतो. माळावरही तीच शिस्त हवी.

कुंपणाचा प्रयोग

ती शिस्त अशी पाळतात. माळावर शक्य तितक्या सारख्या जागांच्या जोड्या निवडायच्या : तोच उतार, तीच माती, तेच गवत. प्रत्येक जोडीतील कोणत्या जागेला कुंपण घालायचे हे नाणे उडवून ठरवायचे. आपल्या आवडीने ठरवले, तर नकळत चांगली जागा कुंपणात जाते. मग दोन्हींकडे एक मीटर लांबी-रुंदीचे चौरस आखून त्यांतील झाडे मोजायची. ही मोजणी कुंपण घालण्यापूर्वी एकदा आणि नंतर दरवर्षी त्याच महिन्यात करायची.

पहिली मोजणी का महत्त्वाची? समजा, कुंपणातील झाडे तीन वर्षांत २० वरून ३० झाली. ‘कुंपणाचा गुण आला!’ असे वाटेल. पण त्याच काळात कुंपणाबाहेरची झाडे २४ वरून ३६ झाली असतील, तर वाढ दोन्हीकडे दीडपटच आहे. ती चांगल्या पावसाची करामत, कुंपणाची नव्हे. बाहेरची जागा मोजलीच नसती, तर आपण पावसाचे श्रेय कुंपणाला देऊन मोकळे झालो असतो.

मोजताना नुसता एकूण आकडाही पुरत नाही. रोपे किती, फूल न आलेली झाडे किती, फुललेली किती, बी धरलेली किती आणि शेंडा तुटलेली किती, हे वेगवेगळे लिहावे लागते. ज्या गावात म्हातारी माणसे पुष्कळ आहेत आणि मुले एकही नाही, त्या गावाची लोकसंख्या आज मोठी दिसली तरी त्याचे भवितव्य काय, हे सांगायला नको. वनस्पतींचेही तसेच आहे.

थोड्या आकड्यांची अडचण

दुर्मिळ वनस्पतींच्या बाबतीत एक खास अडचण येते. त्या दुर्मिळ असतात! किरणोत्सारी पदार्थातून येणारे कण मोजताना एक नियम उपयोगी पडतो : योगायोगाने होणारा चढउतार मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. ९ मोजले तर त्यात ३ ची अनिश्चितता, १०० मोजले तर १० ची.

समजा, चराईच्या जागेत ९ झाडे आहेत आणि कुंपणात १५. फरक ६ चा. दोन्ही मोजण्यांची मिळून अनिश्चितता म्हणजे २४ चे वर्गमूळ, सुमारे ५. फरक ६ आणि अनिश्चितता ५ असेल, तर हा फरक खरा की योगायोगाचा, हे सांगता येणार नाही. आता दसपट चौरस मोजले आणि ९० व १५० असे आकडे आले असे धरा. प्रमाण तेच, पण फरक ६० चा आणि अनिश्चितता २४० चे वर्गमूळ, म्हणजे साधारण साडेपंधरा. आता निष्कर्ष बराच भक्कम झाला. झाडे बहुधा घोळक्याने उगवतात, त्यामुळे खरी अनिश्चितता ह्याहूनही अधिक असते. म्हणूनच पुष्कळ चौरस आणि पुष्कळ वर्षे, ह्याला दुसरा उपाय नाही.

भरतपूर आणि कास

न मोजता निर्णय घेतला तर काय होते, ते राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात दिसले. १९८२ साली तेथील चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांशी संघर्ष झाला, गोळीबार झाला, माणसे दगावली. पक्ष्यांचे भले व्हावे हा बंदीचा हेतू. परंतु मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दहा वर्षे केलेल्या अभ्यासात असे आढळले, की म्हशी पाण्यातले जे गवत खाऊन आटोक्यात ठेवीत होत्या, ते आता माजले आणि उघडे पाणी झाकून गेले. त्याचा फटका बदकांसारख्या पाणपक्ष्यांनाच बसला.

आपल्या सातारा जिल्ह्यातील कास पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पर्यटकांची गर्दी वाढू लागली आणि पठारावर जाळीचे कुंपण उभे राहिले. त्यामुळे चराईही अडली. पुढे काही अभ्यासक व स्थानिक मंडळी म्हणू लागली, की चराई थांबल्याने उंच वाढणारे गवत बळावते आणि नखाएवढ्या फुलझाडांना ऊन मिळत नाही. अखेर २०२२-२३ च्या सुमारास कुंपण काढण्यात आले. परंतु कुंपण, पर्यटकांची वर्दळ आणि पावसाचे चढउतार ह्या तिन्ही गोष्टी एकाच काळात घडत होत्या. अशा वेळी आरंभीच जोडीच्या जागा राखून ठेवल्या, तर पुढे वाद घालण्याऐवजी वही उघडून पाहता येते.

ह्याचा अर्थ चराई नेहमीच हितकारक असते, असा मात्र मुळीच नाही. आपल्या माळांवर अतिचराई झाली, की पवन्या, मारवेल ही उत्तम गवते मागे पडतात आणि कुसळीसारखी टोचरी गवते पसरतात, हे गवताच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. कोणते जनावर, किती, कोणत्या महिन्यात आणि किती दिवस, ह्यावर सारे अवलंबून असते.

तळेगावच्या उतारावर

मग डिक्लिप्टेरासाठी प्रयोग कसा आखावा? येथे चराईच्या जोडीला वणवाही आहे. म्हणून चार प्रकारच्या जागा लागतील : चराई व वणवा दोन्ही असलेली, नुसती चराई असलेली, नुसता वणवा असलेली आणि दोन्ही नसलेली. वणव्यानंतर फुटणारा कोंब मेंढरांनी खाल्ला तर उन्हाळ्यातला बहर बुडेल. उलट चराईमुळे वाळके गवत कमी झाले, तर वणव्याची धग कमी होऊन कदाचित कोंबच फुटणार नाहीत. चराई आणि वणवा असे एकमेकांत गुंतलेले असतात. चारही जागा असल्या तरच ही गुंतागुंत सुटते. आणि मोजणी वर्षातून दोनदा हवी, कारण बहर दोनदा येतो.

ह्या कामी धनगरांची माहिती मोलाची आहे. त्यांतील पुष्कळ जण दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. कळप कोणत्या उतारावर कोणत्या महिन्यात होता, हे त्यांच्याइतके अचूक कोण सांगणार? अशा प्रयोगात ती माहिती मोजणीच्या वहीतच लिहिली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, ही रीत तुम्हालाही वापरता येईल. दुर्मिळ झाडांना हात न लावता साध्या गवतापासून सुरुवात करा. चार मीटर सुतळी आणि चार खुंट्या एवढ्यात एक चौरस मीटर आखता येतो. शाळेच्या आवाराच्या आत दहा चौरस आणि बाहेरच्या चराईच्या जागेत दहा चौरस घ्या. जागा मनाने न निवडता चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रत्येक चौरसात किती प्रकारच्या वनस्पती आहेत, सर्वांत उंच गवत किती सेंटिमीटर आहे आणि किती शेंडे तुटलेले आहेत, ते लिहा. श्रावणात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मोजा, आणि वही पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करा. एखादे अनोळखी फूल दिसले तर ते तोडू नका. छायाचित्र घेऊन शिक्षकांना दाखवा आणि त्याची नेमकी जागा सर्वांना सांगत बसू नका.

पाच वर्षांची अशी वही कारखान्यांच्या शेजारी उरलेल्या प्रत्येक माळाची असेल, तर उद्या कोणी त्या माळाला ‘पडीक’ म्हणाले, किंवा तेथून मेंढरे हाकलायला निघाले, तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला आपल्याजवळ आकडे असतील.