गिटार घ्यायचीय? तीही फ्लामेंको?

दोस्तांनो, गिटार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गॅदरिंगमध्ये गळ्यात पट्टा अडकवून उभा राहिलेला अकरावीतला दादा, हो ना? आता जरा वेगळं चित्र बघा. एक माणूस खुर्चीवर बसलाय, मांडीवर गिटार. शेजारी एक बाई खड्या आवाजात गातेय, दोघं-तिघं टाळ्यांचा ठेका धरतायत आणि समोर नाचणारी मुलगी लाकडी फळ्यांवर अशा टाचा आपटतेय की बघणाऱ्याची छाती धडधडावी. गिटारवाला तारा तर छेडतोयच, पण मधूनच बोटानं गिटारच्या अंगावर टक्कन टकोराही मारतोय!

हा फ्लामेंको. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचा. तिथल्या हितानो लोकांनी तो खूप जिवापाड जपला. गंमत अशी की, या लोकांचे पूर्वज फार पूर्वी आपल्या उत्तर भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या जातभाईंच्या रोमानी भाषेत पाण्याला अजूनही 'पानी'च म्हणतात. २०१० साली युनेस्कोनं फ्लामेंकोला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

फ्लामेंकोचा सर्वांत मोठा वादक म्हणजे पाको द लुसिया. जन्म १९४७, गाव आल्हेसिरास. घरची परिस्थिती बेताची. वडील रात्री-रात्री गिटार वाजवून घराला हातभार लावत. गल्लीत पाको नावाची पोरं बरीच, म्हणून आईच्या नावानं ओळख पडली, 'लुसियाचा पाको'. आपल्याकडे नाही का 'कुसुमचा बाळ्या' म्हणत? तेच नाव पुढे जगभर झालं. २०१४ साली तो गेला.

आता मुद्द्याचं. फ्लामेंकोची गिटार वेगळी असते का? असते, पण दिसायला नव्हे. आजच्या स्पॅनिश गिटारचा घाट बसवला तो आल्मेरियाच्या आंतोनिओ द तोर्रेस (१८१७-१८९२) या कारागिरानं. तो मूळचा सुतार. फ्लामेंकोवाल्यांच्या पदरी पैसे कमी, म्हणून त्यांच्या गिटारची पाठ आणि कडा बनायच्या सायप्रसच्या, म्हणजे तिकडे सहज मिळणाऱ्या हलक्या, फिकट लाकडाच्या. शिसव लांबून आणायचं, ते महाग. गरजेपोटी घेतलेलं हे लाकूड नेमकं कामाचं ठरलं! त्याचा आवाज कोरडा, टणक आणि चटकन विरणारा. टाचांच्या त्या गडगडाटातूनही तो कानावर येतो. या फिकट गिटारला म्हणतात 'ब्लांका', म्हणजे गोरी. शिसवीची ती 'नेग्रा', काळी. आणि नेग्रासाठी वापरतात ते शिसव बऱ्याचदा आपल्या भारतातलंच असतं, बरं का!

बाकी फरक दोन. तारा मानेपासून कमी उंचीवर असतात, म्हणजे बोटं भरभर पळतात. आणि वरच्या फळीवर टकोऱ्यांपासून बचाव करणारी पातळ पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. तिला 'गोल्पेआदोर' म्हणतात.

आई-बाबांनो, आता जरा पुढे सरका. स्पेनमधल्या नामांकित कारागिराची ब्लांका काही लाखांत जाते. ते सोडूनच देऊ. पण दुकानात कधी कधी 'फ्लामेंको' अशी चिठ्ठी लावलेली स्वस्त गिटार दिसते. ती बहुधा प्लायवूडची असते, वर सायप्रसचा नुसता पातळ मुलामा. चिठ्ठीचे पैसे कशाला द्यायचे? माझं स्पष्ट मत असं, की पहिली गिटार साधी 'क्लासिकल' घ्यावी, म्हणजे नायलॉनच्या तारांची. दहा हजारांच्या आगेमागे बरी मिळते. तारा थोड्या खाली करून घ्यायच्या, वर गोल्पेआदोरची पट्टी चिकटवायची, झालं! पहिली दोन-तीन वर्षं फ्लामेंको शिकायला ती पुरते.

मात्र नायलॉन म्हणजे नायलॉनच. शाळेत असताना आम्ही दोघा भावांनी एक पराक्रम केला होता. आवाज मोठा यावा म्हणून नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवल्या. तिसऱ्या दिवशी रात्री खोलीत 'फाट्' असा आवाज झाला. उठून बघतो तर घोडी फळीसकट उचकटून आलेली! नायलॉनच्या सहा तारांचा ताण सगळा मिळून सुमारे चाळीस किलो, स्टीलचा सत्तरच्या आसपास. बिचारी गिटार काय करणार? बाबांनी दोन दिवस आमच्याशी अबोला धरला. दुसरी गिटार यायला दोन वर्षं गेली आणि तोवर भावाचा नाद सुटला तो सुटलाच.

दुकानात जाताना दप्तरातली पट्टी बरोबर न्या. हसू नका! गिटारच्या मानेवर सतारीच्या पडद्यांसारख्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बाराव्या फ्रेटवर सर्वांत जाड तार किती उंच आहे ते मोजा. तीन मिलिमीटरच्या जवळपास असेल तर उत्तम. चार असेल तरी घाबरू नका. घोडीवरची पांढरी पट्टी खालून घासून तार खाली आणता येते. दुरुस्तीवाल्याचं ते नेहमीचं काम आहे. पाच-सहा असेल तर मात्र ती गिटार राहू द्या. बोटं सोलवटतील आणि पोरगं आठवड्यात गिटार माळ्यावर टाकेल.

मग कानाचं काम. बाराव्या फ्रेटच्या बरोब्बर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, घंटेसारखा बारीक सूर येईल. आता तिथेच तार दाबून छेडा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. बारावा फ्रेट हा तारेचा मध्य, तिथे हे जमलं नाही तर ती गिटार कधीच नीट सुरात लागणार नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून बघा. अगदी जोरात छेडल्यावर किंचित खरखर आली तर चालते, फ्लामेंकोत तर ती आवडतेच. पण एखाद्याच जागी सूर मेला असेल तर नको. दुकानदार कंटाळला तरी कंटाळू दे.

वरची फळी अखंड आहे की प्लायची, हे मधल्या गोल भोकाच्या कडेला कळतं. लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरल्या तर अखंड, वेफरच्या बिस्किटासारखे थर दिसले तर प्लाय. चार पैसे जास्त घालायचेच असतील तर या फळीवर घाला. पाठ प्लायची चालेल.

आकाराचंही बघा. पूर्ण गिटारची तार ६५ सेंटिमीटर असते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पाऊणपट मापाची द्या. 'वाढत्या अंगाचा' नियम गणवेशाला ठीक, इथे नाही! जुनी मिळत असेल तर जरूर घ्या, पण मान सरळ आहे ना आणि घोडीखाली फट नाही ना, ते पाहून. आणि कोकणात-मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, पेटीत ठेवा.

पैसे साठेपर्यंत काय करायचं? टाळ्या! 'सोलेआ' नावाच्या फ्लामेंको प्रकारात बारा मात्रांचं आवर्तन असतं, आपल्या एकतालासारखंच. पण जोर येतो तो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. एक ते बारा मोजा, या पाच ठिकाणी जोरात टाळी द्या, बाकी हळू. सुरुवातीला आठ आणि दहापाशी हमखास गडबड होते. आई ओरडेपर्यंत चालू ठेवा.