मातीचं डोकं

पहाटे 5.15
दिवाळ्याच्या जेट्टीवर दोन होड्या लागल्यात. कोळंबी, बोय, चार-सहा चिंबोऱ्या. बर्फासकट पंधरा किलोची पाटी तो आईच्या डोक्यावर चढवतो. कामावर सगळे त्याला दिवाळेकर म्हणतात, म्हणून इथंही तेच. वडिलांची होडी होती. डिझेल परवडेना, तेव्हा विकली. आता आई बाजारात बसते आणि हा तळोज्याला नोकरीला जातो. "डबा घेतलास का रं?" आई वळून न बघताच विचारते. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी.

सकाळी 6.20
बेलापूरहून पेंधरला मेट्रो. 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली, अकरा स्थानकं. एका बाजूचे 30 रुपये, पुढं एमआयडीसीपर्यंत शेअर रिक्षाचे 20. जाऊन-येऊन रोजचे शंभर. पगार हातात येतो साडेएकोणीस हजार. हिशेब तुम्हीच करा, तो करून कंटाळलाय.

सकाळी 7.10
शेडला पाटी नाही. आत लांबट, जाड भिंतींची खोली, तिच्या एका टोकाला लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेली बॅरल. समोर पाच मीटरवर धातूचं डोकं. लढाईत घालायच्या हेल्मेटवर गोळी झाडून बघायची, हे इथलं काम. दिवाळेकरचा हात मात्र बंदुकीला लागत नाही. त्याचं काम माती.

ही माती खाडीतली नव्हे. तेलात मळलेली, राखाडी, शिल्पकार वापरतात ती. रोमा प्लास्टिलिना तिचं नाव, परदेशातून येते. 1970 च्या दशकात अमेरिकेत चिलखतांच्या चाचणीसाठी ती निवडली, तेव्हा ती खोलीच्या तापमानालाच हवी तेवढी मऊ असे. पुढं बनवणाऱ्यांनी कृती बदलली, माती घट्ट झाली. शिल्पकारांचं काही अडलं नाही. चाचणीवाल्यांना मात्र तेव्हापासून ती तापवून घ्यावी लागते. म्हणून इथला ओव्हन रात्रभर चालू असतो, 38 अंशांच्या आसपास.

तो लादी काढतो आणि मळायला घेतो. मोदकाची उकड गरम असतानाच मळावी लागते, तसं. हवेचा बुडबुडा राहिला की शॉट वाया. मनगटापेक्षा खांदा जास्त दुखतो म्हणतो. धातूच्या डोक्यात उभ्या-आडव्या खाचा आहेत. त्यात माती दाबून भरायची, पोलादी पट्टीनं कपाळाच्या गोलाईला तासायची.

सकाळी 8.40
माती बरोबर आहे का, हे आधी माती सांगते. त्याच लादीची एक पेटी भरलेली असते. एक किलोचा पोलादी गोळा दोन मीटर उंचीवरून तिच्यावर सोडायचा, तीनदा. खड्डा 19 मिलिमीटरच्या आसपास पडला पाहिजे. पडतो 19.4, 18.8, 19.1. वहीत लिहितो. पेन खिशाला दोऱ्यानं बांधलंय, कारण साहेब पेन नेतात आणि परत करत नाहीत.

सकाळी 9.30
पहिला शॉट. हेल्मेट त्याच्याच पट्ट्यांनी डोक्यावर बांधलंय. सगळे काचेमागं, कानावर मफ. गोळी झाडतात हवालदार काका. साताऱ्याकडचे, लष्करातून निवृत्त. दोरी ओढतात. आवाज छातीत बसतो.

पडद्यावर वेग येतो, सेकंदाला 428 मीटर. गोळी 9 मिलिमीटरची, वजन आठ ग्रॅम. वेग ठरलेल्या पट्ट्यात आला तरच शॉट धरतात. मंद गोळी अडवण्यात हेल्मेटचं कौतुक नाही.

हेल्मेट काढतात. आरपार नाही. बाहेरून बोट जाईल एवढं भोक, आत थरांचा फुगवटा. आणि मातीत खड्डा. इथंच खरी परीक्षा आहे. गोळी अडली तरी हेल्मेट आत दबतं, आणि दबलेलं हेल्मेट कवटीवर आदळतं. अमेरिकी लष्कराच्या चाचणीत पुढं आणि मागं 25.4 मिलिमीटरपर्यंत खड्डा चालतो, बाजूंना आणि माथ्यावर 16 पर्यंत. आजच्या गिऱ्हाइकानं तेच आकडे धरलेत. दिवाळेकर मापक टेकवतो, श्वास रोखतो. 21.3.

मग माती उकरायची, नवी भरायची, तासायची. एका हेल्मेटवर पाच शॉट: पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं, माथा. आज चार हेल्मेट. म्हणजे वीसदा हेच.

दुपारी 1.00
जेवण. काका सुकटीची चटणी मागून घेतात, बदल्यात ठेचा देतात. काश्मीरात त्यांच्या डोक्यावर पटका असायचा. कापडात बसवलेले पोलादाचे पत्रे, अडीच किलोच्या आसपास. कपाळ आणि डोक्याची मागची बाजू झाकली जाई, बाकी देवाच्या हवाली. "संध्याकाळी मान आपली वाटायची नाही," काका म्हणतात. नव्या हेल्मेटांची मोठी ऑर्डर निघाली 2016-17 मध्ये. 1 लाख 58 हजार हेल्मेट, सुमारे 180 कोटी रुपये, काम कानपूरच्या कंपनीला. एक नग अकरा हजारांच्या थोडा वर पडतो. काका मनात भागाकार करतात आणि गप्प बसतात.

मी त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगतो. तिथं आधी वीस शॉट झाडत, एकही आरपार गेलेला चालत नसे. मग नियम बदलला. 240 शॉट, आणि 17 पर्यंत आरपार गेले तरी हेल्मेट पास.

"सतरा?" काका घास थांबवून विचारतात.

त्यामागं संख्याशास्त्र आहे, वीसपेक्षा 240 शॉटमधून जास्त कळतं, हे मी समजावतो. त्यांना पटत नाही. मलाही सांगताना अवघडल्यासारखंच झालं.

दुपारी 2.10
वीज गेली. तेरा शॉट झालेत. जनरेटरवर दिवे आणि पडदा चालतो, ओव्हन चालत नाही.

दुपारी 2.50
वीज येते. हेल्मेट बनवणाऱ्या कंपनीचा माणूस सकाळपासून खुर्चीत बसलाय. पाचला त्याला निघायचंय. "डोकं भरून तयार आहे ना? मारा की," म्हणतो. दिवाळेकर काही न बोलता गोळा उचलतो आणि पेटीवर सोडतो. खड्डा 15.6. माती निवलीय.

निवलेली माती घट्ट होते. घट्ट मातीत खड्डा कमी पडतो. खड्डा कमी म्हणजे हेल्मेट सहज पास. खुर्चीतल्या माणसाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तो साहेबांकडं बघतो, साहेब दिवाळेकरकडं.

"तास लागंल साहेब. परत तापवायला पायजे."

साहेब मान हलवतात. दिवाळेकर भरलेलं डोकं पुन्हा रिकामं करतो. सगळी माती ओव्हनमध्ये.

दुपारी 4.05
गोळा: 18.9, 19.2, 19.0. चौदावा शॉट, उजवी बाजू. खड्डा 15.7. मर्यादा 16. तीन दशांशांवर पास. माती निवलेली असती तर हा आकडा बराच खाली आला असता, आणि कुणी दुसऱ्यांदा पाहिलाही नसता.

16 मिलिमीटरला डोकं वाचतं आणि 17 ला जातं, असंही नाही. 2014 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं हेल्मेटांच्या चाचणीचा अहवाल दिला. मातीतला खड्डा आणि मेंदूची इजा यांचा शास्त्रीय संबंध कुणी नीट दाखवलेला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तरीही आज हातात माप आहे ते हेच. म्हणून ते तरी चोख हवं.

संध्याकाळी 5.50
वीस शॉट, आरपार शून्य. लॉट पास. चारही हेल्मेट ग्राइंडरखाली जातात. दिवाळेकर प्रत्येकाचे दोन तुकडे करतो, भंगारातून कुणाच्या डोक्यावर परत जाऊ नये म्हणून. तंतू लवकर तुटत नाहीत, चाक गुंततं, वास येतो. मग साबणानं हात, कोपरापर्यंत, दोनदा. काडतुसाच्या धुरात शिसं असतं. वीज गेल्यामुळं तासभर जादा झाला, त्याचे 95 रुपये मिळतील.

संध्याकाळी 6.30
साहेब रिपोर्ट छापतात. गोळीचं वजन, प्रत्येक शॉटचा वेग, खोलीची आर्द्रता, मातीचं तापमान, मातीच्या लादीचा क्रमांक. हे हेल्मेट 9 मिलिमीटरच्या गोळीसाठी आहे, एके-47 च्या नाही, हेही नोंदलंय. खाली सह्या दोन, साहेबांची आणि गिऱ्हाइकाच्या तपासनीसाची. माती कुणी मळली, याला रकाना नाही. तो असायला हवा.