अंगठ्याखालची कळ

जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटीसारख्या गावांतून मुलें आज व्हिडिओ गेम खेळतात तें बहुधा मोबाइलच्या काचेवर. काचेच्या डाव्या कोपऱ्यांत पुष्कळदा एक वर्तुळ काढलेलें असतें. त्यावर अंगठा फिरवून पडद्यावरचा गडी चालवावयाचा. तें वर्तुळ म्हणजे एका खऱ्या वस्तूचें केवळ चित्र होय. चित्रास कड नाहीं, म्हणून अंगठा घसरला तरी मुलास कळत नाहीं. ती खरी वस्तु म्हणजे कंट्रोलर. डोळे पडद्यावर असतां हातास वाट कशी सांपडावी, हाच तो घडविणारांपुढील प्रश्न होता.

१९७२ सालच्या ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ ह्या यंत्रास फिरत्या मुठींची पेटी असे. एका मुठीनें ठिपका आडवा सरे, दुसरीनें उभा. १९७७ सालीं ‘अटारी’नें एक दांडा व एक तांबडी कळ दिली.

खरें वळण लागलें तें जपानांतील क्योतो शहरीं. १८८९ पासून पत्ते करणाऱ्या निंटेंडो कंपनींतील गुन्पेई योकोई ह्यांनीं १९८२ सालीं खिशांत मावेल अशा एका खेळावर अधिक-चिन्हाच्या आकाराची कळ बसविली. हिचा मध्य टेकूवर तोललेला असतो. एक टोंक दाबलें कीं समोरचें वर राहतें, म्हणून उजवें-डावें एकदम दाबलें जात नाहीं, आणि चारही दिशा न पाहतां अंगठ्यास उमगतात. मुठीचें काम अंगठ्याकडे आलें! इतकी साधी युक्ति इतकी टिकलेली आमच्या तरी पाहण्यांत थोडी.

मात्र ती दाबली कीं नाहीं, एवढेंच यंत्रास कळे. १९९६ च्या ‘निंटेंडो ६४’वरील लहानसा दांडा किती झुकला हेंहि मोजी, थोडा झुकविल्यास गडी चाले, पुरा झुकविल्यास धांवे. पण एका खेळांत तो गरगर फिरवावा लागे. मुलें तळहातानें फिरवूं लागलीं आणि हातांस फोड आले. अखेर २००० सालीं न्यू यॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांशीं झालेल्या तडजोडींत कंपनीनें हातमोजे देण्याचें कबूल केलें. खेळणें विकून वर हातमोजे!

पण ज्याचा अंगठाच वळत नाहीं त्यानें काय करावें? २०१८ सालीं मायक्रोसॉफ्टनें काढलेल्या ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’वर दोन मोठ्या कळा असून मागें १९ छिद्रें आहेत, त्यांत पायानें, कोपरानें वा हनुवटीनें दाबावयाच्या कळा जोडतां येतात. शिवाय त्या यंत्रावर दोन कंट्रोलर मिळून एकच गडी चालवितां येतो. संधिवातानें बोटें आखडलेल्या आजीनें उडीची कळ तेवढी सांभाळावी, धांवण्याचें काम नातवाकडे.