गर्भाला बाधणारें काम कोणतें?

आपोआप गर्भपात झाला कीं घरांत पहिला शोध सुरू होतो तो स्त्रीच्या चुकीचा. ती जिना चढली, तिनें कळशी उचलली, ती कचेरींत जात राहिली, असें वडीलधारीं माणसें सहज बोलून जातात. आणि पुष्कळदां ती स्वतःही तेंच खरें मानून झुरत बसते. वास्तविक पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकीं निदान निम्म्यांच्या मुळाशीं गर्भाच्या गुणसूत्रांतील विकृति असते. तिचा जिन्याशीं कांहीं संबंध नाहीं. आईचें वय पस्तिशीपलीकडे गेलें म्हणजे अशा विकृतींचें प्रमाण वाढतें, इतकेंच. नेहमीच्या बैठ्या कामानें गर्भ पडत नाहीं.

पण म्हणून कामाची प्रत्येक जागा निर्दोष ठरत नाहीं. ह्या बाबतींत सर्वांत जुना व ठळक पुरावा शिशाचा आहे. छापखान्याचे खिळे ओतणाऱ्या फ्रेंच कारखान्यांतील स्त्रियांचे गर्भ वारंवार पडतात, हें कॉन्स्टन्टिन पॉल ह्या वैद्यानें 1860 सालीं दाखवून दिलें. ज्यांचे केवळ पति शिशाचें काम करीत, त्या स्त्रियांनाही ही झळ पोंचते, असेंही त्याला आढळलें. शिसें शरीरांत शिरलें कीं हाडांत दडून वर्षानुवर्षें राहतें. गर्भारपणीं बाळासाठीं आईच्या हाडांतील कॅल्शियम रक्तांत उतरूं लागतें, तेव्हां त्याच्यासवें हें शिसेंही उतरतें आणि वारेंतून गर्भापर्यंत जातें. म्हणजे काम सोडून दिलें तरी जुनें देणें शिल्लक राहतेंच. छापखान्यांतले खिळे आतां बहुतेक गेले. परंतु जुन्या बॅटऱ्या फोडून शिसें वितळविण्याचे उद्योग चालूच आहेत. अशा ठिकाणच्या पुरुषानें कामाचे कपडे घरांत आणूं नयेत.

रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या खोलींत हवा नीट खेळत नसेल तर भूल देण्याच्या वायूंपासून, आणि कर्करोगावरील औषधें हाताळतांना, परिचारिकांनीं जपलें पाहिजे. रात्रपाळीकडेही दुर्लक्ष करतां येत नाहीं. डेन्मार्कमधील नोकरदार स्त्रियांच्या नोंदींवरून 2019 सालीं असें दिसलें कीं आठव्या आठवड्यानंतर एका आठवड्यांत दोन वा अधिक रात्रपाळ्या केल्यास पुढील आठवड्यांत गर्भपाताचा धोका सुमारें एक-तृतीयांशानें वाढतो.

घरांतलें एक विष मात्र आपल्याकडे विष मानलेंच जात नाहीं. मशेरी ही दांत घासण्याची वस्तु म्हणून सोज्ज्वळ ठरली आहे. पण ती भाजलेली तंबाखूच होय. तंबाखूनें मूल कमी वजनाचें होतें, मृत जन्मण्याचा संभवही वाढतो. ताब्यांत न ठेवलेला मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि मलेरिया हींही गर्भाला घातक आहेत.

1961 च्या प्रसूतिलाभ कायद्यानें गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही ती तरतूद आहे. ती मागण्यांत संकोच कसला? संकोच खरा आड येतो तो आधींच. तीन महिने कोणास सांगूं नये, ही आपली रूढि. गर्भाचे अवयव तर ह्याच आठवड्यांत घडत असतात. शेजाऱ्यांना न सांगतां राहिलें तरी चालेल. पण आपण कोणते पदार्थ हाताळतों, किती तास उभ्या असतों, पाळी कोणती, हें डॉक्टरांना पहिल्याच भेटींत सांगावें, आणि कामाचा प्रकार बदलून देण्याविषयीं त्यांच्याकडून लेखी घ्यावें.