‘अंदाजे मीठ’ म्हणजे नेमकं किती?

कॉलेजं सुरू झाली की हॉस्टेल आणि पीजीच्या खोल्यांत इंडक्शनवर पहिले प्रयोग सुरू होतात. मग घरी व्हिडीओ कॉल जातो. ‘आई, पिठल्यात पाणी किती?’ ‘अगं, मावेल तेवढं!’ आईच्या दृष्टीने हे उत्तर अगदी बरोबर असतं. तिच्या हाताला ते माहीत असतं, आपल्या हाताला नसतं, सगळा घोळ तिथेच आहे. पिठल्याचे व्हिडीओ ढिगाने सापडतात, पण आपल्या घरचं पिठलं त्यात नसतं. ते एकाच माणसाच्या हातात असतं आणि त्या माणसाने ते बहुधा कधी लिहून ठेवलेलं नसतं.

म्हणून ही रेसिपी कार्डं. लाकडी डबीसकट सुबक सेट विकत मिळतात, पण पॉकेटमनी त्यात घालवायची काहीच गरज नाही. ए-फोर आकाराच्या जाड कार्डशीटचे सारखे चार भाग केले की पोस्टकार्डापेक्षा जराशी मोठी चार कार्डं तयार. २५० ते ३०० जीएसएमचा कागद घेतला की कार्ड ओट्यावर भिंतीला टेकून उभं राहतं. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट इथे स्टेशनरीची दुकानं रांगेने आहेत. त्याहून स्वस्त हवं असेल तर घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा. पाठकोरा, जाड, कधी कधी सोनेरी कडेचा कागद फुकटात! कोपऱ्यात पंचने भोक पाडून जुन्या किल्ल्यांच्या रिंगमध्ये सगळी कार्डं ओवली की झालं.

जेल पेन मात्र टाळा. ओला हात लागला की शाई पसरते. बॉलपेन चालेल, पण सगळ्यात भरवशाची पेन्सिल. ती पाण्याने वाहत नाही आणि प्रमाण बदललं तर खोडताही येतं. लॅमिनेशनची घाईसुद्धा नको. पहिल्या दोन-तीन वेळा प्रमाण हमखास बदलतं, तोवर कार्ड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत राहू दे.

हे झालं सोपं काम. अवघड आहे तो आईचा किंवा आज्जीचा अंदाज मोजणं. ‘सांग ना’ म्हणून बसलात तर त्या नेहमीचंच सांगतील : थोडं, चिमूटभर, हाताला येईल तेवढं. त्यापेक्षा त्या करत असताना शेजारी उभे राहा. मुठीतलं बेसन पातेल्यात पडण्याआधी वाटीत घ्या. मीठ चमच्यात. ‘काय हा पोरखेळ!’ असं ऐकून घ्यावं लागेल, ऐकून घ्या.

१९७० साली आलेलं कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ घराघरांत पोचलं, त्यात वाटी-चमच्याच्या मापांचा मोठा वाटा होता. नव्याने स्वयंपाक करणाऱ्यांना त्या मापांचाच आधार वाटला. पण वाटी म्हणजे कुठली वाटी? घरची आणि हॉस्टेलची वाटी सारखी नसते. यावर फुकटातला उपाय म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण. त्यावर ५, १०, १५ मिलीच्या खुणा असतात. १० मिलीची १५ टोपणं पाण्याने वाटी भरली, तर वाटी १५० मिलीची. हा आकडा पहिल्याच कार्डावर लिहून ठेवा.

मग कार्ड असं होतं. पिठलं, दोघांसाठी : बेसन अर्धी वाटी, पाणी दोन वाट्या, कांदा १, लसूण ५ पाकळ्या, हिरव्या मिरच्या २, तेल २ चमचे, फोडणीला मोहरी, जिरं, हिंग, हळद. कांदा गुलाबी झाला की पाण्यात कालवलेलं बेसन ओतायचं, सतत ढवळायचं, मीठ घालून मंद आचेवर ५ मिनिटं झाकण.

इथे मिनिटांपेक्षा खुणा जास्त कामाच्या. मोहरी तडतडली, कांदा गुलाबी झाला, कडेने तेल सुटलं, कच्चा वास गेला. हे शब्द जसे ऐकले तसेच उतरवा, कारण इंडक्शनवरची ५ मिनिटं आणि गॅसवरची ५ मिनिटं एक नसतात. कुकरच्या शिट्ट्यांचंही तेच.

कार्डाची मागची बाजू ‘बिघडलं तर’साठी मोकळी ठेवा. गुठळ्या झाल्या तर रवीने घोटायचं. फार घट्ट झालं तर गरम पाणी घालायचं, गार नाही. अशा गोष्टी रीलमध्ये कुणी सांगत नाही, तिथे पिठलं बिघडतच नाही! शिवाय एखादी ओळ आज्जीला स्वतःच्या हाताने लिहायला सांगा. अक्षर थरथरलं तरी चालेल.

सुरुवातीला पाचच पदार्थ घ्या, रोजचे. वरण, आमटी, पोहे, पिठलं, एक भाजी. पुरणपोळीचं कार्ड दिवाळीच्या सुट्टीत करा, ते काही एका कॉलमध्ये उरकणारं काम नाही. आणि पुढच्या वर्षी धाकटा भाऊ किंवा मावसबहीण हॉस्टेलला निघाली, तर कार्डशीटवर झेरॉक्स काढून तिला सेट देता येतो. फक्त पेन्सिल झेरॉक्समध्ये फिकट उमटते, म्हणून त्याआधी अक्षरं बॉलपेनने गिरवून घ्या. आज्जीची ओळ सोडून.